वक्फच्या रात्री आणखी एक विधेयक पास झालं

२ एप्रिल २०२५. ईदुल फित्रचा तिसरा दिवस. घरात पाहुणे होते, शिरखुर्मा अजून संपला नव्हता. पण आखाडा बाळापूर असो, कळमनुरी असो की हिंगोली, आपल्या लोकांचं सगळं लक्ष त्या दिवशी दिल्लीकडे होतं. लोकसभेत वक्फ सुधारणा विधेयकावर चर्चा चालू होती. इशाची नमाज आटोपून लोक घरी आले आणि मोबाइल घेऊन बसले. मध्यरात्र उलटून गेल्यावर मतदान झालं. बाजूने २८८, विरोधात २३२. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर आणि मशिदीबाहेर दुसरा विषय नव्हता.

त्याच २ एप्रिलला, त्याच संसद भवनात, शेजारच्या सभागृहात म्हणजे राज्यसभेत आणखी एक विधेयक मंजूर झालं. 'स्थलांतर आणि परदेशी नागरिक विधेयक, २०२५'. आवाजी मतदानाने. त्याची चर्चा आपल्याकडे झाली नाही. आम्हीही त्या दिवशी वक्फच्याच बातम्या देत होतो, हे कबूल करायला हवं.

हे दुसरं विधेयक ४ एप्रिलला राष्ट्रपतींच्या सहीने कायदा झालं आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालं. या देशात कोण परदेशी, त्याला कोण अडवणार, कोण पकडणार आणि 'मी परदेशी नाही' हे कोणी सिद्ध करायचं, या सगळ्या प्रश्नांचा आजचा कायदा हाच आहे. म्हणून या लेखात आम्ही कायद्यातल्या कलमांइतकंच, तो ज्या पद्धतीने मंजूर झाला त्याबद्दल बोलणार आहोत. कारण विधेयकाचं नशीब बऱ्याचदा मतदानाच्या रात्री नव्हे, तर त्याच्या आधीच ठरलेलं असतं.

चर्चेचे तास कोण ठरवतं?

आपण टीव्हीवर खासदारांची भाषणं बघतो. पण कोणत्या विधेयकावर किती तास बोलायचं हे सभागृहात ठरत नाही. ते 'कामकाज सल्लागार समिती'मध्ये ठरतं. लोकसभेत या समितीचे अध्यक्ष खुद्द लोकसभा अध्यक्ष असतात. मोठ्या पक्षांचे प्रतिनिधी तिथे बसतात, अमुक विधेयकाला इतके तास असं ठरतं, आणि मग तो वेळ पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटला जातो. ज्या पक्षाचे दोन-तीनच खासदार, त्याच्या वाट्याला काही मिनिटं येतात.

वक्फ विधेयकाच्या आदल्या दिवशी, १ एप्रिलला, या समितीची बैठक झाली. सरकारने आठ तास ठेवले. विरोधकांना बारा तास हवे होते. वाद झाला आणि विरोधी सदस्य बैठकीतून बाहेर पडले. प्रत्यक्षात चर्चा बारा तासांच्या वर गेली. म्हणजे देशाचं लक्ष असलं की तास वाढतात. लक्ष नसलं की कोणी मागतही नाही.

वेळेनंतरचा प्रश्न समितीचा. विधेयक मांडल्यावर सभागृहापुढे तीन रस्ते असतात : लगेच विचारात घ्यायचं, प्रवर किंवा संयुक्त समितीकडे पाठवायचं, किंवा लोकांचं मत मागवायला प्रसृत करायचं. शिवाय १९९३ पासून खात्यांच्या स्थायी समित्या आहेत. गृह खात्याची स्थायी समितीही आहे. समितीत काय होतं? कलमं एकेक करून वाचली जातात, अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारले जातात, वकील, संघटना, सामान्य माणसं लेखी म्हणणं देऊ शकतात. ज्या खासदाराला अहवाल पटला नाही तो आपलं वेगळं मत लिहून देतो आणि ते अहवालात छापलं जातं.

पण समितीकडे पाठवणं सक्तीचं नाही. १५ व्या लोकसभेत (२००९-१४) साधारण ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. १७ व्या लोकसभेत (२०१९-२४) हे प्रमाण १६ टक्क्यांवर आलं.

तिसरी गोष्ट मतदानाची. 'बाजूने असलेल्यांनी हो म्हणा, विरोधातल्यांनी नाही म्हणा' हे आवाजी मतदान. एखाद्या सदस्याने हरकत घेऊन मतविभागणी मागितली तरच बटणं दाबली जातात आणि कोणी कुठे मत दिलं याची नोंद राहते. सप्टेंबर २०२० मध्ये शेतीच्या कायद्यांवेळी राज्यसभेत मतविभागणी दिली नाही म्हणून केवढा गोंधळ झाला, ते आपल्या शेतकरी वाचकांना आठवत असेलच. आवाजी मतदानात सभागृहाने काय ठरवलं ते कळतं. आपल्या माणसाने काय केलं ते कळत नाही.

एकाला आठ महिने, दुसऱ्याला तेवीस दिवस

आता दोन्ही विधेयकं शेजारी ठेवून बघू.

वक्फ विधेयक ८ ऑगस्ट २०२४ ला लोकसभेत मांडलं गेलं. विरोध झाला आणि ते ३१ सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेलं. जगदंबिका पाल अध्यक्ष होते. समितीने देशभर फिरून लोकांचं ऐकलं, लाखांनी निवेदनं आली. १३ फेब्रुवारी २०२५ ला अहवाल सभागृहात ठेवला गेला. विरोधकांच्या दुरुस्त्या समितीने फेटाळल्या, सत्ताधारी बाजूच्याच स्वीकारल्या. आपल्याला निकाल आवडला नाही. पण त्या आठ महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. वापरामुळे वक्फ झालेल्या, आधीच नोंदणी असलेल्या मालमत्तांना काही प्रमाणात, वाद नसेल किंवा जागा सरकारी नसेल तर, संरक्षण देणारी दुरुस्ती आली. आणि विरोधी सदस्यांची वेगळी मतं कायमची कागदावर राहिली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १५ सप्टेंबर २०२५ ला पाच वर्षं इस्लामचं पालन करण्याच्या अटीसह काही तरतुदींना स्थगिती मिळाली. लढाई संपलेली नाही, पण लढायला कागद आहेत.

स्थलांतराचं विधेयक ११ मार्च २०२५ ला लोकसभेत आलं. गृह राज्यमंत्री नित्यानंद राय यांनी मांडलं. काँग्रेसचे मनीष तिवारी आणि तृणमूलचे सौगत राय यांनी मांडण्यालाच विरोध केला. ते घटनेतल्या मूलभूत हक्कांशी जुळत नाही, मागे घ्या नाहीतर समितीकडे पाठवा, असं म्हटलं. समिती झाली नाही. २७ मार्चला लोकसभेत आवाजी मतदानाने मंजूर, २ एप्रिलला राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर. मांडल्यापासून मोजलं तर तेवीस दिवस.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. १९२० चा पासपोर्ट (भारतात प्रवेश) कायदा, १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा, १९४६ चा परदेशी नागरिक कायदा आणि विमान-जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० चा कायदा, असे चार कायदे रद्द करून एक केला. त्यातले तीन इंग्रजांच्या काळातले होते. देशात कोण येतं-जातं यावर लक्ष ठेवणं हे कोणत्याही सरकारचं काम आहे. देशाची सरहद्द राखली पाहिजे यात आमचं दुमत नाही, कोणाचंच नसावं. बनावट पासपोर्टवर आलेल्याला शिक्षा व्हावी, हेही बरोबर.

मग अडचण कुठे आहे? साध्या फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. १९४६ च्या कायद्याचं कलम ९ उलटं होतं. एखादा माणूस परदेशी आहे की नाही असा प्रश्न आला तर आपण परदेशी नाही, हे त्याच माणसाने सिद्ध करायचं. इंग्रजांचे कायदे काढून टाकतो असं म्हणताना ही तरतूद मात्र नव्या कायद्यात तशीच आली. वर हेड कॉन्स्टेबलपासून पुढच्या पोलिसाला वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार आहे, आणि वैध कागदांशिवाय प्रवेश केल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड.

ही तरतूद कशी वापरायची याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्येच महत्त्वाचा निकाल दिला होता. रहीम अली विरुद्ध आसाम राज्य. आसामच्या न्यायाधिकरणाने त्यांना २०१२ मध्ये परदेशी ठरवलं होतं. न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कलम ९ आहे म्हणून कोणालाही उगाच उचलून 'सिद्ध कर' म्हणता येणार नाही, आधी सरकारकडे काहीतरी ठोस आधार पाहिजे, आणि नावाच्या स्पेलिंगमध्ये, तारखांमध्ये किरकोळ फरक असला म्हणून माणूस परदेशी ठरत नाही, असं सांगितलं.

हा निकाल विधेयकाच्या आठ महिने आधीचा आहे. समिती झाली असती तर कोणीही खासदार म्हणू शकला असता, 'हे दोन बचाव कायद्यात लिहून टाका.' एका ओळीची दुरुस्ती होती. ती मान्य झालीच असती असं आम्ही म्हणत नाही. पण शांतपणे मागायची, अधिकाऱ्यांना उत्तर द्यायला लावायची जी जागा असते, तीच मिळाली नाही.

बाळापूरच्या माणसाला याचं काय?

कोणी म्हणेल, सरहद्द बंगालला, आसामला. हिंगोली जिल्ह्याला काय त्याचं?

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नंतर परभणी जिल्हा, आणि १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्हा. आजोबांचा कागद उर्दूत, वडिलांचा परभणीचा, मुलाचा हिंगोलीचा. जुन्या पिढीचा जन्म घरी दाईच्या हातून झालेला, नोंद कोणी केली नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून तारीख लावली. 'शेख' कुठे आधी, कुठे शेवटी. मुलगी लग्न होऊन आली की नाव बदललं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात मूल कोणत्या जिल्ह्याच्या फडावर जन्मलं, हे आईलाच माहीत. हे फक्त मुसलमानांचं नाही. मराठा समाजातल्या लोकांनी कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा सगळ्या मराठवाड्याला कळलं की निजामकाळचा एक कागद सापडायला किती कार्यालयं फिरावी लागतात.

आता जन्मदाखल्याचंच बघा. जन्म-मृत्यू नोंदणी सुधारणा विधेयक लोकसभेत १ ऑगस्ट २०२३ ला आणि राज्यसभेत ७ ऑगस्टला मंजूर झालं. मणिपूरवरून सभागृहात रोज गोंधळ चालू होता, त्यात हे आवाजी मतदानाने पास झालं. त्यात उशिराच्या नोंदणीचा अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून म्हणजे कोर्टाकडून काढून जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेला. लोकांना वाटलं, बरं झालं, कोर्टाची पायरी वाचली. तहसीलला अर्जांची रीघ लागली.

मग मालेगावातून बांगलादेशी आणि रोहिंग्यांना दाखले दिल्याचे आरोप झाले. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिराचे दाखले देणं थांबवलं, चौकशीला एसआयटी नेमली. १२ मार्च २०२५ ला कडक अटींची नवी कार्यपद्धत आली. पुढे नायब तहसीलदारांनी दिलेले दाखले परत घेऊन रद्द करण्याचे आदेश निघाले. दाखला देण्याचा अधिकार कोणाला आणि कसा, हे कायद्यात आणि नियमांत सुरुवातीलाच नीट लिहिलं असतं तर? आज अनेक कुटुंबं अशी आहेत की माणूस खरा, जन्म इथलाच, अर्जही रीतसर, पण सही करणाऱ्याला अधिकार नव्हता म्हणून दाखला बाद.

तारखांकडे लक्ष द्या. ११ मार्चला दिल्लीत विधेयक मांडलं गेलं. १२ मार्चला मुंबईत दाखल्याची वाट अवघड झाली. या दोन गोष्टी ठरवून जुळवल्या असा आमचा दावा नाही. पण सामान्य माणूस दोन्हींच्या मध्ये सापडतो. एकीकडे सिद्ध कर म्हणतात, दुसरीकडे सिद्ध करायचा कागद मिळत नाही.

आणि आपली पोरं गावातच बसून नाहीत. पुण्याला, मुंबईला, हैदराबादला कामाला आहेत. जून २०२५ मध्ये मुंबईजवळच्या मीरा रोड भागातून उचललेल्या पश्चिम बंगालच्या मजुराला थेट बांगलादेशच्या हद्दीत ढकललं गेलं. बंगाल सरकारने पाठपुरावा केल्यावर त्याला परत आणावं लागलं. तो भारतीय होता. त्याच्या बाजूने एक राज्य सरकार उभं राहिलं म्हणून तो घरी आला.

सभागृहाच्या बाहेर बनणारा कायदा

आणखी एक रस्ता आहे, त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. संसद कायद्याचा सांगाडा मंजूर करते, त्यात भरायचं ते सरकार नियम आणि आदेशांनी भरतं. १ सप्टेंबर २०२५ ला नव्या कायद्याखाली एक सूट आदेश निघाला. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून धार्मिक छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन यांच्याकडे कागद नसले तरी त्यांच्यावर कारवाई नाही. छळ झालेल्या माणसाला आसरा मिळतो याचं आम्हाला वाईट वाटत नाही. पण नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात, म्हणजे सीएएमध्ये, तारीख होती ३१ डिसेंबर २०१४. तिच्यावर देशभर वाद झाला, शाहीन बाग झालं. इथे दहा वर्षं पुढची तारीख आणि तीच सहा धर्मांची यादी एका अधिसूचनेने आली. सभागृहात चर्चा नाही, मतदान नाही. हा आदेश नागरिकत्व देत नाही हे खरं. पण कागद नसलेल्या दोन माणसांपैकी कोण गुन्हेगार आणि कोण नाही, हे त्याने धर्मावर ठरवलं.

असे नियम संसदेपुढे ठेवायची पद्धत आहे. ठराविक दिवसांत खासदार बदल सुचवू शकतात, त्यासाठी अधीनस्थ विधीविषयक समितीही आहे. पण विचारणारा खासदार पाहिजे, आणि त्या खासदाराला विचारायला लावणारे लोक पाहिजेत.

लवकर बोलणाऱ्यांना काय मिळालं

लवकर बोललं की काय फरक पडतो, याचं उदाहरण सीएएमध्येच आहे. ते विधेयक पहिल्यांदा जुलै २०१६ मध्ये आलं, संयुक्त समितीकडे गेलं, समिती दोन वर्षांच्या वर चालली. ईशान्येकडच्या राज्यांतल्या लोकांनी त्या काळात जोरदार विरोध केला. ८ जानेवारी २०१९ ला लोकसभेत मंजूर होऊनही राज्यसभेत न गेल्याने ते बाद झालं. डिसेंबर २०१९ मध्ये परत आलं तेव्हा सहाव्या अनुसूचीतले आदिवासी भाग आणि इनर लाइन परमिटचे भाग त्यातून वगळलेले होते. आधीच्या विधेयकात ही सूट नव्हती. यावेळी समिती झाली नाही, ९ डिसेंबरला मांडलं आणि ११ डिसेंबरपर्यंत दोन्ही सभागृहांतून पास. राज्यसभेत प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्तावही पडला. ईशान्येच्या लोकांनी समितीच्या काळात जे मागितलं त्यातलं काही त्यांच्या पदरात पडलं. आपला देशभराचा आवाज उठला तो ११ डिसेंबरनंतर.

हे फक्त भारतात होतं असंही नाही. अमेरिकेत ३ जानेवारी २०२५ ला नवीन प्रतिनिधीगृह बसलं. पहिल्याच दिवशी जे नियम मंजूर केले त्यातच बारा विधेयकांची यादी घातली. प्रत्येकावर एक तास चर्चा, सदस्यांनी दुरुस्ती मांडायची नाही. त्यातलं एक होतं स्थलांतरितांना ताब्यात ठेवण्याबाबतचं लेकन रायली विधेयक. महिना संपायच्या आत त्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची सही झाली. मात्र तिथे सभागृहात मतांची नोंद झाली, २६४ विरुद्ध १५९. कोणत्या सदस्याने काय केलं हे त्याच्या मतदाराला बघता येतं.

हिंगोलीच्या मतदाराला वक्फवर आपल्या खासदाराने काय मत दिलं हे नोंदीत सापडेल. स्थलांतर कायद्यावर सापडणार नाही. कारण नोंदच झाली नाही.

मग आपण काय करायचं?

मशवरा करणं आपल्याला नवीन नाही. कुरआनात 'शूरा' नावाची सूरतच आहे. मशिदीच्या कमिटीपासून मुलीच्या लग्नापर्यंत आपण चार लोकांना विचारून ठरवतो. विचारायचं ते निर्णयाच्या आधी, नंतर नाही, हेही आपल्याला कळतं. संसदेकडूनही तेवढंच मागायचं आहे.

एक, विधेयक मांडलं त्या दिवसापासून लक्ष ठेवायचं. त्याचा मसुदा संसदेच्या वेबसाइटवर त्याच वेळी मिळतो. कायद्याचा मसुदा आधी ३० दिवस लोकांसमोर ठेवावा असं केंद्राचं २०१४ पासूनचं धोरण आहे. ते पाळलं नाही तर तसं लिहून विचारायचं.

दोन, खासदाराला पत्र द्यायचं तर 'विरोध करा' एवढंच लिहू नका. नेमकं मागा : समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव द्या, अमुक कलमात अमुक दुरुस्ती द्या, आवाजी मतदानाला हरकत घेऊन मतविभागणी मागा. हिंगोलीचे खासदार नागेश पाटील आष्टीकर विरोधी बाकांवर आहेत, राज्यातले बरेच खासदार सत्तेच्या बाकांवर. पत्र दोघांनाही गेलं पाहिजे. प्रलंबित विधेयकावर लोकसभेत नागरिकांना याचिकाही देता येते, ती खासदारामार्फत मांडावी लागते. मराठीत लिहिली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. आणि हे फक्त आपल्या समाजाचं काम नाही. ऊसतोड कामगार, भटके विमुक्त, आदिवासी यांच्याकडे आपल्यापेक्षाही कमी कागद आहेत. त्यांच्यासोबत बसा.

तीन, घरातले कागद. आजोबा-वडिलांचा शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, जुना सातबारा, खासरा, मतदार यादीतलं नाव, हे काढून एका फाइलमध्ये ठेवा. मुलांचा जन्मदाखला एकवीस दिवसांच्या आत नोंदवा म्हणजे पुढची सगळी कटकट वाचते. नाव सगळीकडे एकसारखं करून घ्या. आणि कृपा करून एजंटच्या नादी लागू नका. पैसे देऊन मिळवलेला चुकीचा दाखला आधार देत नाही, उलट खऱ्या माणसाला आरोपी करतो.

पुढच्या अधिवेशनात पुन्हा एखादं विधेयक येईल. ज्याची चर्चा जास्त त्याकडे सगळे बघतील. आम्ही ठरवलंय की शेजारच्या सभागृहात काय चाललंय तेही बघायचं. वाचकांनीही बघावं, आणि आमच्या नजरेतून काही सुटलं तर आम्हाला सांगावं.